इंदापूरचे कान

"आब्बा, हिकडं बघा. सरांची यष्टी निमगाव केतकीच्या म्होरं आलीया."

रुक्सारनं वडिलांच्या खांद्याला धरून त्यांना आपल्याकडं वळवलं आणि ओठ मोठे करून सांगितलं. त्या घरात आता सगळ्यांच्या हे अंगवळणी पडलं होतं. आधी माणूस वळवायचा, मग बोलायचं. करिमा तेवढी अजून विसरायची. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पाठीमागून बोलायची सवय लागलेली, ती चार वर्षांत कशी सुटणार?

इकबालभाईंनी मान हलवली आणि पुन्हा टेबलावरच्या कॅसेट डेककडं वळले. हा डेक त्यांनी पोत्यातून बाहेर काढून आठवडाभर खपून चालू केला होता. आतला रबरी पट्टा नवा घातला होता, हेड स्पिरिटनं पुसलं होतं, कॉम्प्युटरला वायर जोडली होती. समोरच्या दोन काचांत दोन काटे. आवाज आला की काटे नाचत. इकबालभाईंचा सगळा भरवसा आता त्या काट्यांवर होता.

"आजून येळ गेली न्हाय," रुक्सार म्हणाली. "आल्या आल्या मी सांगती त्यास्नी. ऐकू येत न्हाय म्हणलं तर काय आभाळ कोसळतंय का?"

"तू काय सांगायचं न्हाय."

"बरं, मग हेडफोन लावून मी बसती बाजूला. काय बिघडलं तर मला कळंल की."

"त्यांच्यासमूर हेडफोन तू लावलास, तर मग मी हितं कशाला?" इकबालभाईंचा आवाज चढला. आपला आवाज किती चढलाय हे त्यांना कळत नसे, त्यामुळं साध्या बोलण्यालाही भांडणाची धार यायची. "माणूस माझ्या कानांवर इश्वास टाकून येतोय, रुक्सार."

रुक्सार बारामतीत एका लॅबमध्ये कामाला होती, रविवारची सुट्टी म्हणून आली होती. ती आत गेली.

इकबाल तांबोळींना ऐकू येत नाही हे साऱ्या इंदापूरला माहीत होतं. पानवाला त्यांच्याशी खुणेनं बोलायचा, बँकेतली बाई चिठ्ठीवर लिहून द्यायची. माहीत नव्हतं ते फक्त एका ठिकाणी, आणि नेमका तिथंच त्यांना मान होता.

तो इंटरनेटवरचा एक ग्रुप. आवाजाच्या वेड्यांचा. सगळा कारभार इंग्रजीत. तिथं स्पीकरच्या तारांवरून भांडणं होत, जुनी रेकॉर्ड बरी की मोबाइलवरचं गाणं बरं यावरून होत, सिनेमागृहात हल्ली संवाद का कळत नाहीत यावरून होत, आणि या सगळ्याचा कंटाळा आला की कुणाच्या तरी इंग्रजीवरून होत. इंग्रजीचं खातं माधव देवस्थळींकडं. बारामतीत कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, ग्रुपवरचं नाव 'रेड पेन'. कुणी चुकीचं वाक्य टाकलं की हा माणूस हातातला चहा ठेवून उठत असावा, इतक्या तातडीनं दुरुस्ती येई, आणि ती बहुतेक वेळा झोंबणारी असे.

इकबालभाईंचं इंग्रजी ॲम्प्लिफायरच्या माहितीपुस्तकांवर वाढलेलं. ते कसंही असायचं. पण देवस्थळींनी त्यांना चारचौघांत कधी टोकलं नाही. खासगीत निरोप यायचा: हे वाक्य असं हवं, बाकी मुद्दा अगदी बरोबर. अशा दुरुस्त्या घेत घेत दहा-अकरा वर्षांत इकबालभाई सरळ लिहायला शिकले. त्या निरोपांच्या आगेमागे थोडी घरची विचारपूस येऊ लागली. बारामती-इंदापूर अंतर ते किती! पण दोघं कधी भेटले नव्हते. त्यांची सगळी मैत्री इंग्रजीत आणि लिहिलेली.

'इंदापूरचे कान' हे नाव ग्रुपनं दिलेलं. कुणीतरी घरी केलेलं सतारीचं रेकॉर्डिंग टाकलं होतं, आणि शेजारच्या खोलीत पंखा चालू होता हे इकबालभाईंनी ओळखलं होतं. तेव्हापासून नवा स्पीकर, नवा हेडफोन काहीही असो, शेवटी कुणीतरी विचारायचंच: इंदापूरचे कान काय म्हणतात?

ते कान धंद्यात गेले. इकबालभाईंची साऊंड सर्व्हिस होती. आधी कर्णे होते, मग साधे बॉक्स, मग लोकांना डीजेची भिंत हवी झाली. छातीत धडकी भरली पाहिजे, काचा हलल्या पाहिजेत. इकबालभाई ग्रुपवर लिहायचे की मोठा आवाज म्हणजे संगीत नव्हे, आणि संध्याकाळी त्याच भिंतीला टेकून उभे राहायचे, कारण चूल त्याच भिंतीवर पेटत होती. आधी बारीक आवाज गेले, पैंजण, चिमण्या. मग माणसं गेली. मग एक मोठा ताप आला आणि त्यानं उरलंसुरलं नेलं. नसाच गेल्या, मशीन लावून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. आता डीजे मुलगा फिरोज चालवतो. आजही तो लोणी भापकरला हळदीच्या मांडवात गाडी घेऊन गेला होता.

ग्रुपवर सांगू, सांगू म्हणत राहून गेलं. कुणीतरी काहीतरी विचारलं आणि इकबालभाईंनी जुन्या आठवणीवर उत्तर दिलं. ते सगळ्यांना पटलं. पुढं त्यांनी कंपनीनं छापलेले आवाजाचे आलेख बघावेत, चारजणांनी काय लिहिलंय ते वाचावं आणि आपलं मत द्यावं. सगळे वाहवा करायचे. यात त्यांना मजा वाटत नव्हती. पण दिवसभर मुक्या झालेल्या घरात तेवढ्या एका ठिकाणी अजून कुणीतरी त्यांना विचारत होतं, आणि ते दार आपल्या हातानं लावायला धीर लागतो. तो त्यांच्यापाशी नव्हता.

आणि मग देवस्थळींचा निरोप आला. मालती, त्यांची बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या आवाजाची एकच कॅसेट होती, मुलगी लहान असताना चोरून भरलेली. मालती अंगाई म्हणते आहे, तिला पत्ता नाही. मग एकदम तिला कळतं, ती म्हणते, 'अहो, बंद करा ते,' आणि हसते. तिचं हसणं तेवढंच उरलेलं. बाकी निरोप इंग्रजीत होता, पण हे चार शब्द देवस्थळींनी मराठीतच ठेवले होते, कारण 'अहो'ला इंग्रजीत काही नाही. कॅसेटला बुरशी धरू लागलीय, कॉम्प्युटरवर उतरवून द्याल का? दुकानात देववत नाही, ते लोक खरखर काढायच्या नादात तिचा श्वास पुसून टाकतील. खरखर हा त्या खोलीचाच आवाज असतो, तो काढू नये, हे तुम्हीच एकदा लिहिलं होतंत.

इकबालभाईंनी दोनदा टाळलं. तिसऱ्या निरोपात होतं, 'दुसऱ्या कुणाच्या कानांवर माझा विश्वास नाही.' त्यावर त्यांनी 'या' म्हणून लिहिलं. लिहून झाल्यावर ते घाबरले, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. इतक्या वर्षांत त्या ग्रुपातलं कुणीतरी त्यांच्या घरी येणार होतं.

काल संध्याकाळी शेवटची चाचणी घेताना करिमा मागं तांदूळ निवडत बसली होती. "पट्टा कुईकुई करतोय वो त्यातला," ती म्हणाली. म्हणाली ती पाठीला. काटे झकास नाचत होते.

देवस्थळी आले ते उंच, वाकलेले, दाट पांढऱ्या मिशांचे. इकबालभाईंची नजर आधी त्या मिशांवरच गेली. ओठच दिसत नव्हते.

दारात दोघं जरा घुटमळले. इंग्रजीतून इतकं लिहिलं होतं, आता कुठल्या भाषेत सुरुवात करायची? शेवटी देवस्थळींनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "इकबालभाई, अहो किती जवळ राहतो आपण!"

"या सर, या," इकबालभाई मोठ्यानं म्हणाले. "गरिबाचं घर हाय."

देवस्थळींनी हातातली पिशवी उघडून स्टीलचा डबा काढला. डब्यात रुमाल आणि रुमालात कॅसेट. ती देताना त्यांनी पुष्कळ काही सांगितलं. रुक्सार चहा घेऊन आली होती, ती वडिलांसमोर उभी राहून, जणू स्वतःशीच बोलत असल्यासारखं म्हणाली, "म्हंजी आधी गाणं हाय, आन् हासणं शेवटी हाय व्हय, सर?"

"हो. शेवटी."

"आलं ध्येनात," इकबालभाई म्हणाले, आणि मुलीला डोळ्यांनीच आत जायला सांगितलं. तिनं एकदा वडिलांकडं पाहिलं, एकदा सरांकडं. पोहे परतायला आई एकटीच होती. ती गेली.

इकबालभाईंनी कॅसेट उजेडाला धरली, फिरक्या बोटानं फिरवून पाहिल्या, बुरशी हलक्या हातानं टिपली. हे काम ते मन लावून करत होते. यात खोटं काही नव्हतं. मग हेडफोन कानांवर चढवले, देवस्थळींसाठी छोटे स्पीकर चालू केले, कॉम्प्युटरवरचं लाल बटण दाबलं आणि कॅसेट घालून डेक सुरू केला.

आधी खरखर आली. मग लांबून भांड्याचा आवाज, लहान मुलीचं किरकिरणं, आणि त्यावर बाईचा आवाज. बारीक, थोडा थकलेला, सुराला पक्का. देवस्थळी ताठ बसले. दोन वर्षांत त्यांना ती कॅसेट लावायची हिंमत झाली नव्हती.

इकबालभाईंना काटे दिसत होते. ते शांतपणे हलत होते, अंगाईला हलावेत तसेच. त्यांनी एक बोट स्पीकरच्या खोक्याला लावलं, डोळे अर्धवट मिटले आणि मान डोलावली. मग त्यांची नजर देवस्थळींच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथंच राहिली. त्या चेहऱ्यावरून त्यांना मालतीबाई जणू ऐकू येत होत्या. कुठं कडवं संपलं, कुठं मुलगी झोपली, सगळं. इतका सुखाचा वेळ त्यांनी फार दिवसांत पाहिला नव्हता.

आणि पट्टा सटकू लागला.

एक फिरकी थांबली, टेप रबरी चाकाभोवती गुंडाळायला लागली. अंगाई संपली होती. "अहो," मालतीबाई म्हणाल्या, आणि पुढचे शब्द लांबले, जाड झाले, पुरुषी झाले. मग हसणं आलं. ते हसणं नव्हतंच. कुणीतरी पाण्याखालून हंबरावं तसलं काहीतरी येत होतं आणि वर डेकची कुईकुई चालली होती.

देवस्थळी खुर्चीतून अर्धे उठले. तोंड उघडलं होतं, डोळे फाटले होते.

इकबालभाईंना वाटलं, हसणं आलं. बिचाऱ्याला सोसवेना. काटे नाचत होते. त्यांनी हात उचलून पंजा दाखवला. थांबा सर, बसा, संपू द्या.

आणि देवस्थळी बसले. इंदापूरचे कान सांगतायत म्हटल्यावर बसले.

आतून रुक्सार धावत आली. हातात उलथनं तसंच. "आब्बा! बंद करा! टेप खातंय! आब्बा!" हेही तिनं पाठीलाच सांगितलं. मग तिनं येऊन त्यांचा खांदा ओढला. इकबालभाईंनी खाली पाहिलं, काचेआड तपकिरी गुंता दिसला, आणि तीस वर्षं असल्या यंत्रांत घातलेल्या त्या हातांनी घाईत झाकण उघडून कॅसेट ओढली. टेप ताणली गेली, दोऱ्यासारखी बारीक झाली आणि तुटली.

देवस्थळी काहीतरी बोलले. मिशा हलल्या. इकबालभाई त्यांच्याकडं बघत राहिले. देवस्थळी पुन्हा बोलले. मग ते रुक्सारकडं वळले.

"सर, आब्बांना ऐकू येत न्हाय," रुक्सार रडत म्हणाली. "चार वर्सं झाली. काईच येत न्हाय."

देवस्थळींनी मान हलवली. हे त्यांना एका बाजूनं कळलं असावं आणि दुसऱ्या बाजूनं कळत नसावं. त्यांनी इकबालभाईंच्या डोक्यावरच्या हेडफोनकडं पाहिलं. इकबालभाईंनी तो काढला आणि कुठं ठेवावा ते न सुचून मांडीवर ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

देवस्थळींनी खिशातून मोबाइल काढला. चष्मा वर सारून लिहू लागले. टेबलावरचा इकबालभाईंचा मोबाइल थरथरला. दोन हातांवर समोरासमोर बसून ते दोघं, नेहमी बोलायचे तसे, इंग्रजीत लिहून बोलले.

'तुम्हाला ती अजिबात ऐकू आली नाही?'

'नाही.'

'तुम्ही हात केलात. मला वाटलं, मला ऐकू येत नाही असं काही तुम्हाला येतंय. म्हणून मी बसलो.'

इकबालभाईंनी लिहायला घेतलं. खूप लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. माफी मागायला त्यांच्याकडं इंग्रजी होतं, याच माणसानं दिलेलं. पण ते हातात घेववेना. शेवटी त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि तोंडानं म्हणाले, "सर, मी तुमचं वाटोळं केलं." आवाज खोलीभर घुमला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या करिमानं तोंडाला पदर लावला.

देवस्थळींनी आणखी एकच ओळ लिहिली. 'कॉम्प्युटरवर ते शेवटचं उतरलं असेल, तेवढं पुसून टाका. ती तशी नव्हती.'

त्यांनी कॅसेट आणि तिच्याबरोबर टेपचा तो गुंता रुमालात गोळा केला आणि डब्यात ठेवला. झाकण आता बसेना. डबा तसाच दोन हातांत धरून ते उठले. पोहे झाले होते. करिमा ताट घेऊन पुढं आली तेव्हा त्यांनी चिमूटभर तोंडात टाकले, तिला नमस्कार केला. जाताना ते इकबालभाईंच्या समोर थांबले. त्यांनी नुसता त्यांच्या दंडाला हात लावला आणि गेले. चार शिव्या दिल्या असत्या तर इकबालभाईंना परवडलं असतं.

रुक्सार त्यांना गाडीवर बसवून स्टँडवर सोडून आली. आली तेव्हा वडील कॉम्प्युटरसमोर बसलेले. पडद्यावर आवाजाच्या रेघा उमटल्या होत्या, डोंगर आणि दऱ्या. सुरुवातीच्या आणि शेवटच्या सगळ्या सारख्याच चांगल्या दिसत होत्या.

"कुठनं खराब झालं, ते दाव," इकबालभाई म्हणाले. "मला कळत न्हाय."

ती हेडफोन लावून बसली. ऐकताना तिचा चेहरा मवाळ झाला, मग एकदम आक्रसला. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हितनं."

त्यांनी तिथून पुढचं कापलं. अंगाई राहिली, आणि अगदी शेवटी एक 'अहो'.

"रुक्सार, आवाज कसा व्हता गं?"

वडिलांना आवाजांसाठी शेकडो शब्द येत होते. ऊबदार, कोरडा, मोकळा, दाणेदार. तिला त्यातला एकही येत नव्हता.

"चांगला व्हता, आब्बा," ती म्हणाली. "घरातल्या बाईचा व्हता."

त्यांनी ती अंगाई देवस्थळींना पाठवली. पोचल्याची खूण आली. पुढं काही आलं नाही.

दिवस कलला तशी ग्रुपवर गर्दी झाली. एका नव्या हेडफोनवरून जुंपली होती. कुणीतरी विचारलंच, इंदापूरचे कान काय म्हणतात? इकबालभाईंनी सावकाश लिहिलं, 'मला ऐकू येत नाही. चार वर्षांपासून येत नाही. या काळात मी इथं जे जे सांगितलं, ते न ऐकता सांगितलं.' आणि पाठवून दिलं.

एकानं वाईट वाटल्याचं लिहिलं. दुसऱ्यानं विचारलं, मग मी तो ॲम्प्लिफायर विकू का? तिसरा म्हणाला, बघा, म्हणजे आलेख वाचूनही आवाज कळतो, मी हेच सांगत होतो. त्यावर चौथा चिडला. तिथून पुढं भांडण आलेखांचं झालं, हिरिरीनं, आकडेमोडीसकट, आणि इंदापूरची कुणाला आठवण राहिली नाही. रेड पेन त्यात कुठंच नव्हता. वाक्यं चुकत होती, ती तशीच राहत होती.

इकबालभाई मोबाइल उपडा ठेवून खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेर फिरोजची गाडी परत येत होती. ती त्यांना पायाखालच्या फरशीतून कळली.

टेबलावर डेक सकाळपासून तसाच चालू होता. झाकण उघडं, आत कॅसेट नाही, चाक नुसतंच फिरत होतं आणि सटकलेला पट्टा कुईकुई करत होता. करिमा दिवा लावायला आली आणि थांबली.

"अवो, बंद करा की ते," ती त्यांच्या पाठीला म्हणाली.

इकबालभाई हलले नाहीत. मग पुढं होऊन तिनंच बटण दाबलं. काट्यांमागचा उजेड गेला, तेव्हा ते वळले.

"काय म्हणलीस?"

"काय न्हाय," करिमा म्हणाली.